सुई, स्टेन्सिल आणि सर्व्हर

जुलै १९३९. न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं होतं. फॉरेस्ट अ‍ॅकरमन नावाचा तरुण चाहता तिथे भविष्यातल्या माणसाच्या वेशात हिंडला. आजच्या कॉस्प्लेची, म्हणजे आवडत्या पात्राच्या वेशात वावरण्याची, सुरुवात तिथपासून मानतात. तो वेश बेतला आणि शिवला होता त्याच्या मैत्रिणीने, मर्टल डग्लसने. स्वतःसाठीही तिने तसाच एक शिवला आणि तो घालून ती त्याच्याबरोबर मिरवलीही. नाव मात्र वर्षानुवर्षं त्याचंच झालं.

गीक चाहत्यांच्या जगातल्या बायकांचा मागोवा घ्यायचा तर या सुईपासून घ्यावा लागतो. ‘पोरांच्या या जगात मुली अलीकडे शिरल्या’ हा समज खरा नाही. त्या पहिल्यापासून होत्या. कामाला होत्या, श्रेयाला नव्हत्या.

१९६६च्या सप्टेंबरात अमेरिकन टीव्हीवर ‘स्टार ट्रेक’ सुरू झाली. तिच्या पटकथा लिहिणाऱ्या डोरोथी फोंटाना फक्त ‘डी. सी.’ ही आद्याक्षरं लावत. बाईचं नाव बघून संहिता बाजूला पडू नये, एवढ्यासाठी. वर्षभरातच दोन तरुणींनी ‘स्पॉकनेलिया’ काढलं, फक्त या मालिकेला वाहिलेलं पहिलं फॅन्झिन, म्हणजे चाहत्यांनीच काढलेलं अंक-प्रकाशन. त्याच दशकात मुंबईत आपली कवीमंडळी सायक्लोस्टाइलवर अनियतकालिकं काढत होती. खटाटोप दोन्हीकडे सारखाच: स्टेन्सिल कापा, शाईने हात बरबटवून घ्या, पानं जुळवा, टाचा, टपालात टाका.

१९६७च्या अखेरीस मालिका बंद पडणार अशी कुणकुण लागली. बीजो ट्रिम्बल यांनी नवऱ्याला हाताशी धरून पत्रमोहीम उघडली. वाहिनीकडे पत्रांचा असा ओघ लागला, की १ मार्च १९६८ला मालिका चालू राहणार असल्याचं एनबीसीला पडद्यावरूनच जाहीर करावं लागलं. ती अखेर १९६९मध्ये थांबली, चाहत्या थांबल्या नाहीत. १९७२च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात भरलेल्या मेळाव्याच्या आयोजकांत जोन विन्स्टन, डेव्हरा लँगसॅम अशा बायका पुढे होत्या. काहीशे माणसं येतील असा अंदाज होता; आली हजारोंनी.

फॅन्झिनांमधून कथा लिहिणाऱ्याही मुख्यतः बायकाच. १९७३मध्ये पॉला स्मिथ यांनी अशा कथांचं एक चिमुकलं विडंबन लिहिलं. त्यातली साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट मेरी सू सगळ्यात हुशार, सगळ्यांची लाडकी. हा घरातल्या घरात काढलेला चिमटा होता. पण शब्द घराबाहेर पडला आणि त्याची काठी झाली. पडद्यावर कुणी कर्तबगार नायिका दिसली रे दिसली की ‘मेरी सू’ म्हणून तिला झोडपायचं. तसाच सर्वगुणसंपन्न पुरुष आला तर त्याला नुसतं ‘नायक’ म्हणतात!

इंटरनेटने जग मोठं केलं, तसे उंबरठ्यावर परीक्षकही बसवले. २०१२च्या सुमारास ‘खोटी गीक पोरगी’ ही शिवी रूढ झाली. सुपरहीरोचा टी-शर्ट घातलेल्या मुलीने आधी त्याच्या जन्मापासूनच्या खाणाखुणा सांगायच्या, मगच आत यायचं. २०१४च्या ‘गेमरगेट’ नावाच्या ऑनलाइन छळमोहिमेत तर गेम बनवणाऱ्या आणि त्यांवर टीका करणाऱ्या बायकांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या; काहींना राहतं घर सोडावं लागलं.

पण तोवर एक शहाणपण आलेलं होतं. २००७मध्ये एका कंपनीने चाहत्यांच्या कथांवर धंदा मांडला. एका संकेतस्थळाने कितीतरी जणींची खाती रातोरात पुसली. भाड्याच्या घरात भिंतीला खिळाही मारता येत नाही, हे कळून चुकलं. मग त्यांनी स्वतःची ना-नफा संस्था काढली, स्वतःचे सर्व्हर घेतले, ज्यांना प्रोग्रॅमिंग येत नव्हतं त्या ते शिकल्या. २००९मध्ये चाहत्यांच्या कथांचा ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हा ऑनलाइन संग्रह सर्वांना खुला झाला. स्वतःची खोली मागणाऱ्या व्हर्जिनिया वुल्फचा धागा त्या नावात आहे.

२०१९मध्ये या संग्रहाला विज्ञानकथेच्या जगातला ह्यूगो पुरस्कार मिळाला, डब्लिनला, १९३९च्या त्याच संमेलनमालिकेत. पुरस्कार घ्यायला मंचावर गेलेल्या लेखिका नेओमी नोविक यांनी सभागृहातले दिवे लावायला सांगितले, आणि हे आपलं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी उभं राहावं म्हणाल्या. सभागृहभर माणसं उभी राहिली. मर्टल डग्लसने शिवलेला वेश त्याच्या ८० वर्षं आधी अशाच गर्दीत हिंडला होता.