गजावरचा गळा

व्हायोलिनला सारंगीप्रमाणेच पडदे नसतात. डाव्या हाताचे बोट तारेवर जिथे टेकेल तिथे स्वर उमटतो आणि ते न उचलता सरकवले तर मींड निघते, त्यामुळे मानवी गळ्याच्या अगदी जवळ जाण्याची सोय या वाद्यात मुळातच आहे. असे असूनही गॉस्पेल, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिगायन, या परंपरेत व्हायोलिनला मानाची जागा मिळाली नाही. गुलामगिरीच्या काळात मळ्यांवरील नाचांना फिडलची, म्हणजे लोकसंगीतातल्या व्हायोलिनची, साथ अनेकदा गुलाम वादकच करीत. परंतु नाचाशी जडलेल्या या नात्यामुळेच अनेक धर्मनिष्ठांनी त्याला सैतानाचे वाद्य ठरवले आणि पुढे चर्चमध्ये पियानो, खंजिरी व हॅमंड ऑर्गन रुळले तरी ते बव्हंशी उंबरठ्याबाहेरच राहिले. रेजिना कार्टर या जाझ व्हायोलिनवादिकेचे महत्त्व या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते.

कार्टर यांचा जन्म १९६६ मध्ये डेट्रॉइटमध्ये झाला. याच शहरातील न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चमध्ये सी. एल. फ्रँकलिन यांची प्रवचने गाजली आणि तिथेच त्यांची कन्या अरीथा गाऊ लागली. गॉस्पेलचा आर्त गळा तसाच ठेवून त्यात ऐहिक प्रेमाचे शब्द भरले की जे संगीत होते त्याला सोल म्हणतात, आणि त्याची सम्राज्ञी अरीथाच ठरली. १९५९ मध्ये याच शहरात सुरू झालेल्या मोटाउन कंपनीच्या सोल ध्वनिमुद्रणांत व्हायोलिने भरपूर आहेत, पण ती डेट्रॉइट सिम्फनीच्या वादकांनी गायकामागे अंथरलेल्या मऊ गालिच्यासारखी आहेत. गालिच्यावरून उठून गायकाच्या जागी उभे राहणे, हे कार्टर यांनी केले.

कार्टर यांच्या व्हायोलिनची सुरुवात चौथ्या वर्षी सुझुकी पद्धतीने, म्हणजे स्वरलिपीआधी कानाने शिकण्याच्या पद्धतीने झाली. पुढे जाझ शिकताना त्यांना व्हायोलिनवादकांऐवजी सुषिरवाद्ये, म्हणजे फुंकून वाजवायची वाद्ये, ऐकण्याचा सल्ला मिळाला, आणि या सल्ल्यातच सारे मर्म आहे. सॅक्सोफोनवादकाला श्वासासाठी थांबावेच लागते, म्हणून त्याचे वाक्य बोलल्यासारखे संपते; गज मात्र दिशा बदलत अखंड चालू शकतो, त्यामुळे व्हायोलिनवादकाला थांबणे मुद्दाम शिकावे लागते. गॉस्पेल गायिका स्वराला थोडे खालून भिडते, तो वर खेचते, एकाच अक्षरावर अनेक स्वरांची लड उलगडते आणि आवेग वाढला की आवाज फाटू देते. व्हायोलिनवर हेच करताना बोट खालून सरकते, कंप सुरुवातीला रोखून शेवटी सोडला जातो, आणि गज घोडीजवळ दाबून ओढला की स्वराला खरखर येते. आपल्याकडे गायकी अंग म्हणतात त्याच जातीचे हे काम आहे, फक्त अनुकरणासाठी समोर असलेला गळा वेगळा आहे.

प्रत्यक्ष मैफलीत आणखी एक गोष्ट घडते. चर्चमध्ये प्रवचनकाराच्या प्रत्येक वाक्याला समुदाय प्रतिसाद देतो आणि चार मात्रांपैकी दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर टाळ्या पडतात. समेवर टाळी देणाऱ्या कानाला हे आधी उलटे वाटते. मैफलीतही तसेच, व्हायोलिनने वाक्य टाकून जागा सोडली की ती ड्रम, गिटार किंवा श्रोते भरून काढतात. हा प्रतिसाद ध्वनिमुद्रणात पुरता सापडत नाही.

कार्टर यांचे नाव बहुतेकदा इटलीतील जिनोआशी जोडले जाते, कारण डिसेंबर २००१ मध्ये विख्यात व्हायोलिनवादक पॅगानिनीचे १७४३ सालचे ‘कॅनोने’ व्हायोलिन तिथे त्यांना वाजवायला मिळाले आणि हा मान मिळालेल्या त्या पहिल्या जाझवादक ठरल्या. तो प्रसंग मोठा खराच, परंतु २०१४ चा ‘सदर्न कम्फर्ट’ हा संग्रह अधिक मोलाचा आहे. अलाबामात कोळसा खाणीत राबलेल्या आजोबांच्या काळातील संगीत शोधत त्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधील जुन्या क्षेत्रीय ध्वनिमुद्रणांपर्यंत, म्हणजे गावोगावी जाऊन टिपलेल्या सामान्य माणसांच्या गाण्यांपर्यंत, पोहोचल्या आणि त्या गाण्यांना त्यांनी अकॉर्डियन, गिटार, बास व ड्रम यांच्या सोबतीने पुन्हा उभे केले. अमेरिकेच्या ज्या दक्षिणेत फिडल सैतानाचे ठरले होते, तिथल्याच गळ्यांच्या चाली आता त्यांच्या गजातून निघतात.