आभाळातले दिवे आणि शिवारातला पंचनामा

२ एप्रिल २०२२, शनिवार, गुढीपाडवा. आमच्या वाशिममध्ये दिवस मावळल्यावर गुढ्या उतरवून झाल्या होत्या. उकाड्यामुळे अर्धी गल्ली गच्चीवर आणि अर्धी ओट्यावर बसली होती. आठाला दहा-पंधरा मिनिटे असतील, तेवढ्यात कुणीतरी ओरडले, "अबे, वर पाय!"

पश्चिमेकडून दिव्यांची एक रांग येत होती. पुढे मोठे, पिवळट-लाल निखारे आणि मागे बारीक ठिणग्या, प्रत्येकाला लांब शेपूट. आवाज मात्र काहीच नाही. रांग पूर्वेकडे सरकत गेली आणि दिसेनाशी झाली. "इमान जळून रायलं," एक जण म्हणाला. दुसऱ्याला ते मिसाइल वाटले. पोरांनी तबकडी ठरवूनही टाकली. मग फोन सुरू झाले. मालेगावहून नातेवाइकाचा आला की आमच्या मळ्यापलीकडेच पडले. मंगरूळपीरहून सांगणे आले की गावाच्या मागे पडले. अकोल्याच्या मावशीलाही ते अकोल्यातच पडल्याची खात्री होती.

प्रत्यक्षात ते वाशिमपासून अडीचशे किलोमीटरवर, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात पडले. लाडबोरी गावाजवळ सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे सापडले आणि त्याच तालुक्यातल्या पवनपारला एक गोळा. त्या रात्रीपासून आमच्या भागात या विषयावर जे बोलले जाते, त्यात खरे किती आणि सांगोवांगी किती, हे नीट मांडावे असे मला वाटते. कारण डोळ्यांनी पाहिलेले कुणी खोटे सांगत नव्हते. चुकत होता तो पाहिलेल्याचा अर्थ.

सगळ्यात पक्का बसलेला समज हा की उजेड जवळ दिसला म्हणजे तो जवळच पडला. रात्रीच्या आभाळात अंतर जोखायला डोळ्याला काही आधार नसतो. झाड, टॉवर, डोंगर यांच्याशी तुलना करावी, तर वर काहीच नाही. कक्षेतली वस्तू वातावरणात शिरल्यावर साधारण ८० किलोमीटर उंचीवर फुटू लागते. तेवढ्या उंचीवरचा उजेड, आभाळ स्वच्छ असेल तर, जमिनीवर हजारेक किलोमीटरपर्यंत क्षितिजावर दिसू शकतो. म्हणून जळगाव, बुलढाणा, अकोला आणि मध्य प्रदेशातले बडवानी, बैतूल या सगळ्यांनी एकच घटना पाहिली आणि प्रत्येक गावाला ती आपल्या शिवाराशेजारी संपल्यासारखी वाटली. दिव्यांची रांग क्षितिजाखाली गेली होती, इतकेच.

दुसरा समज तपासाबद्दलचा आहे. अशा गोष्टींसाठी सरकारचे एखादे गुप्त खाते असते, ते येते, वस्तू उचलते आणि लोकांना काही कळू देत नाही, असे बरेच जण मानतात. भारतात उडत्या तबकड्यांसाठी असे कायमचे कार्यालयच नाही. सिंदेवाहीत जे झाले ते आपल्या ओळखीच्या यंत्रणेनेच झाले. गावकऱ्यांनी कळवले, पोलीस आले, महसूलची माणसे आली, पंचनामा झाला आणि वस्तू पोलीस ठाण्यात नेऊन ठेवल्या. पुढच्या दिवसांत आजूबाजूच्या गावांतूनही तुकडे सापडल्याची खबर येत राहिली. मग इस्रोचे शास्त्रज्ञ चंद्रपूरला येऊन पाहणी करून गेले. गावचा पोलीस पाटील आणि तलाठी हे या साखळीतले पहिले दुवे. तुकडा कोणत्या गट नंबरात, कोणत्या बाजूला तोंड करून पडला, जमिनीत किती खड्डा पडला, हे त्यांनी लिहिले नाही तर पुढच्या शास्त्रज्ञाच्या हाती फक्त भंगार उरते.

हे तुकडे कुणाचे? पहिल्या दिवशी वेगवेगळी नावे पुढे आली. अवकाशातल्या वस्तूंचा हिशेब ठेवणारे अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी हा चीनच्या चँग झेंग ३ बी या रॉकेटचा वरचा टप्पा असल्याचे सांगितले. ते रॉकेट फेब्रुवारी २०२१ मध्ये उडाले होते आणि त्याचा टप्पा त्या सुमारास खाली येणारच होता. वेळ जुळली, मार्ग जुळला आणि सापडलेले सामानही रॉकेटच्या टप्प्यात असते तसेच निघाले. जमिनीवर येतात ते बहुतेक असेच गोळे. इंधनाच्या टाकीत दाब राखण्यासाठी हीलियमसारखा वायू गोलाकार भांड्यात भरलेला असतो. ते भांडे टायटॅनियमचे असते, नाही तर धातूवर कार्बनचे धागे गुंडाळून केलेले. टायटॅनियम वितळायला १६०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागते. त्यात गोळा पोकळ आणि आकाराच्या मानाने हलका, म्हणून हवेत लवकर मंदावतो आणि पुरता जळत नाही. बाकीच्या पत्र्याची राख होते.

अशा तुकड्याला हात लावू नये, हे मात्र शंभर टक्के खरे. भूत लागेल म्हणून नव्हे, तर आत हायड्राझीनसारखे विषारी इंधन उरलेले असण्याची शक्यता असते म्हणून. शिवाय तो तुकडा सापडलेल्याच्या मालकीचा होत नाही. १९६८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार परक्या देशाची अवकाश वस्तू आपल्या हद्दीत सापडली तर त्या देशाला आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांना कळवावे लागते. नुकसानीची जबाबदारी वस्तू सोडणाऱ्या देशाची, असे १९७२ च्या करारात लिहिले आहे. सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह १९७८ मध्ये कॅनडात कोसळला होता. १९८१ मध्ये सोव्हिएत संघाने त्यापोटी कॅनडाला ३० लाख कॅनेडियन डॉलर दिले. उद्या मानोऱ्याच्या एखाद्या शेतकऱ्याच्या गोठ्यावर असे कडे पडले, तर त्याच्या भरपाईचा मार्ग दिल्लीतून जाईल आणि तिथवर पोचेल तो गावच्या पंचनाम्याचा कागद. म्हणून तो कागद मला एवढा मोलाचा वाटतो.

'उडती तबकडी' हा शब्दही तपासायला हवा. २४ जून १९४७ रोजी अमेरिकेतल्या माउंट रेनियर डोंगराजवळ केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाला नऊ चकाकत्या वस्तू दिसल्या. पाण्यावर बशी फेकली की ती जशी टप्पे घेत जाते तशा त्या चालल्या होत्या, असे त्याने सांगितले. ते वर्णन चालीचे होते. वर्तमानपत्रांनी ते आकाराचे करून टाकले आणि जगभर तबकड्या दिसू लागल्या. आपल्या मराठीतली तबकडी त्या बातमीतूनच आली आहे. 'यूएफओ' या सरकारी शब्दाचा अर्थ एवढाच की उडणारी, ओळख न पटलेली वस्तू. पोलीस ठाण्याच्या दप्तरात 'अनोळखी इसम' लिहितात तेव्हा तो माणूस परदेशी आहे असे कुणी समजत नाही. त्याचे नाव अजून कळलेले नाही, एवढेच त्यातून कळते.

अमेरिकेच्या हवाई दलाने अशा अनोळखी वस्तूंच्या नोंदींचा पद्धतशीर तपास केला. त्यातला सर्वांत गाजलेला तो प्रोजेक्ट ब्लू बुक. १९४७ ते १९६९ या काळातल्या १२,६१८ नोंदी तपासल्या गेल्या आणि ७०१ ची ओळख पटली नाही. हा ७०१ चा आकडा आपल्याकडच्या व्हिडिओंत पुरावा म्हणून फिरतो. पण ओळख न पटण्याची कारणे साधी असतात. वेळ लिहिलेली नसते, दिशा आठवत नाही, पाहणारा एकटाच असतो, फोटोत नुसता ठिपका असतो. २०२१ च्या अमेरिकी गुप्तचर अहवालातही १४४ नोंदींपैकी एकाचीच ओळख खात्रीने पटली, आणि तो निघाला हवा जाणारा मोठा फुगा. उरलेल्यांसाठी माहिती अपुरी होती. पुढे याच कामासाठी पेंटागॉनने नवे कार्यालय उघडले. मार्च २०२४ मध्ये त्याने जुने सगळे दप्तर चाळून अहवाल दिला आणि परग्रहावरच्या तंत्रज्ञानाचा पुरावा आढळला नसल्याचे सांगितले. फ्रान्समध्ये तर हे काम १९७७ पासून तिथली अवकाश संस्था करते आणि नोंदी लोकांसमोर ठेवते. यात लपवाछपवी कुठेच झाली नाही असा माझा दावा नाही. लष्कर आपली विमाने आणि रडार लपवतेच. पण लष्करी गुपित वेगळे आणि परग्रहवासी वेगळे.

आपल्या देशातला सगळ्यात बोलका तपास लडाखचा. ऑगस्ट २०१२ पासून पुढचे काही महिने पँगाँग सरोवराकडच्या जवानांना चीनच्या बाजूने पिवळट प्रकाशगोल वर येताना दिसत. फेब्रुवारीपर्यंत ३२९ नोंदी झाल्या. चिनी ड्रोन असावेत असा संशय होता आणि सीमेवर असा संशय हलक्यात घेता येत नाही. शेवटी बंगळूरच्या भारतीय खगोल भौतिकी संस्थेला विचारणा झाली. तुषार प्रभू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वस्तू ताऱ्यांच्या संदर्भात कशा सरकतात याच्या नोंदी मागवल्या. एक संध्याकाळी उगवत होती, दुसरी पहाटे. संध्याकाळचा निघाला गुरू आणि पहाटेचा शुक्र. उंचावरच्या विरळ, कोरड्या हवेत हे ग्रह मैदानापेक्षा कितीतरी झळाळून दिसतात. जवान चुकले म्हणून हसण्यासारखे यात काही नाही. रोज वेळ लिहून ठेवणाऱ्या त्या जवानांमुळेच उत्तर मिळाले. उलट १९ नोव्हेंबर २०२३ ला इम्फाळ विमानतळाजवळ काहीतरी दिसले, विमाने काही तास अडकली, हवाई दलाने राफेल पाठवून शोध घेतला आणि काही सापडले नाही. ती नोंद अनोळखीच राहिली.

वाशिमकरांना दिसणाऱ्या बाकीच्या गोष्टींबद्दल थोडक्यात. दिवेलागणीनंतर किंवा पहाटे मण्यांच्या माळेसारखे एका रेषेत, न लुकलुकता जाणारे दिवे म्हणजे स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले उपग्रह. आपल्याकडे अंधार झालेला असतो, पण तेवढ्या उंचीवर अजून ऊन असते. ते पृथ्वीच्या सावलीत शिरले की आभाळाच्या मधोमध एकेक करून विझतात आणि लोक म्हणतात, गायब झाले. लाल-हिरवे दिवे मिचकावत गावावर घिरट्या घालतो तो ड्रोन. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे आणि बीडकडच्या गावांनी त्याच्या धास्तीने रात्री जागून काढल्या. त्याची चौकशी पोलिसांची, खगोलशास्त्रज्ञांची नव्हे. आणि शेतात रंगीत पॅराशूटसकट एखादी पेटी उतरली, तर ती हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेने सोडलेल्या फुग्याची असू शकते. प्लॅस्टिकचे हे अवाढव्य फुगे ३० ते ४० किलोमीटर उंच जातात आणि त्यांची उपकरणे विदर्भ-मराठवाड्यातही उतरतात. पेटीवर पत्ता आणि फोन नंबर असतो. ती उघडली की शास्त्रज्ञांची वर्षभराची मेहनत वाया जाते.

खरेच आभाळातून आलेला दगडही आपल्यापासून दूर नाही. २२ मे २०१२ ला भरदुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोलवर उल्कांचा वर्षाव झाला. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी घराघरांतून दगड गोळा केले. पुढे त्या दगडांच्या अभ्यासात ब्रिजमनाइट हे पृथ्वीच्या पोटात खोलवर असणारे खनिज मिळाले. रिसोडहून लोणार तर जवळच. १८२३ मध्ये इंग्रज अधिकाऱ्याने नोंद केल्यापासून जवळपास दीडशे वर्षे लोणारच्या विवराचे मूळ वादात होते. भोवती सगळा ज्वालामुखीचा काळा पाषाण, म्हणून हेही ज्वालामुखीचे तोंड असेल असे अनेकांना वाटे. शेवटी तळात भोके पाडून काढलेल्या दगडात प्रचंड आघातानेच तयार होणारी काच सापडली आणि १९७३ मध्ये ते आघात विवर असल्याचे प्रसिद्ध झाले. दीडशे वर्षे 'अनोळखी' राहिलेली वस्तू आपण सहलीला जाऊन पाहतो.

वाशिमचे जुने नाव वत्सगुल्म. सातव्या शतकात भास्कर पहिला यांनी ज्योतिषगणिताच्या मध्यरेषेवरची गावे लिहिली, त्यांत हे नाव आहे. अशा गावात आभाळाची नोंद नीट व्हावी, एवढी माझी इच्छा आहे. त्या पाडव्याला गल्लीत निदान वीस मोबाइल वर झाले होते. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांचे व्हिडिओ मागून पाहिले. बहुतेकांत काळ्या पडद्यावर थरथरणारे ठिपके आणि आरडाओरडा. एकात मात्र, शेजारच्या आठवीतल्या मुलीने घेतलेल्या, खाली विजेचा खांब आणि गच्चीवरची पाण्याची टाकी दिसत होती. तिने मोबाइल हलू दिला नव्हता. आम्ही दोघे पुन्हा त्याच जागी उभे राहिलो. हात ताठ पुढे धरला की आपल्या मुठीची रुंदी आभाळातले साधारण १० अंश व्यापते. खांबापासून टाकीपर्यंत तीन मुठी भरल्या, म्हणजे ३० अंश. व्हिडिओत पुढच्या निखाऱ्याला ते अंतर कापायला ११ सेकंद लागले होते. उंचावरून जाणाऱ्या प्रवासी विमानाला तिथे अर्धा मिनिट लागले असते. तुटणारा तारा दोन-तीन सेकंदांत पार झाला असता. तिने वहीत तारीख घातली, वेळ लिहिली आणि पुढे लिहिले: विमान नाही, तारा नाही, पश्चिमेकडून पूर्वेकडे, ३० अंश, ११ सेकंद.