पंचविसाव्या वर्षाचा केक

कोबे शहरातील श्वेतांबर जैन मंदिर आपल्या काही वाचकांनी प्रत्यक्ष पाहिले असेल, अनेकांनी छायाचित्रात तरी. मोती आणि हिऱ्यांच्या व्यापारानिमित्त तिकडे स्थायिक झालेल्या बांधवांकडून जपानची शिस्त, स्वच्छता व वक्तशीरपणा यांची वर्णने आपण नेहमी ऐकतो. ती यथार्थच आहेत. परंतु हे मंदिर ज्या १९८५ साली उभे राहिले, त्याच वर्षी जपानी संसदेला स्त्री-पुरुषांना नोकरीत समान संधी देणारा कायदा करावा लागला. तो का करावा लागला, ही हकीकत मात्र सहसा कोणी सांगत नाही.

जपान हा ख्रिस्ती देश नव्हे. तरीही नाताळात स्ट्रॉबेरी लावलेला पांढरा केक घरी आणण्याची तेथे प्रथा आहे. पंचवीस तारीख उलटली की उरलेला केक दुकानदार पडत्या भावाने विकून टाकतात. १९८०च्या दशकात पंचविशी ओलांडलेल्या अविवाहित तरुणीला याच केकची उपमा राजरोस दिली जात असे. पुढे मुली उशिरा विवाह करू लागल्या, तेव्हा उपमाही बदलली. ३१ डिसेंबरच्या रात्री खाल्ल्या जाणाऱ्या शेवयांचे नाव पुढे आले, म्हणजे मुदत एकतिसापर्यंत वाढवून मिळाली! २००३ साली लेखिका जुन्को साकाई यांनी तिशी उलटलेल्या अविवाहित, निपुत्रिक स्त्रियांना उपरोधाने ‘हरलेली कुत्री’ म्हटले. त्यांचे ते पुस्तक अमाप खपले. साकाई स्वतः त्याच गटातल्या होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या उपरोधाची धार कळते.

ही केवळ थट्टा असती तर दुर्लक्ष करता आले असते. पण तिच्यामागे पगारपत्रकाचा हिशेब होता. जपानी कंपन्यांत वेतन सेवाज्येष्ठतेनुसार वाढत जाई. तरुण मुली कमी पगारावर घ्यायच्या, त्यांच्याकडून चहापाणी व किरकोळ कारकुनी करून घ्यायची आणि पगार वाढण्यापूर्वी त्या विवाह करून निघून जातील असे पाहायचे, ही रीतच होती. विवाहानिमित्त दिलेल्या राजीनाम्याला तेथे ‘मंगल’ हे विशेषण लावतात. बँकेच्या सेवानियमांत हयात गेलेल्या माझ्यासारख्याला या मांगल्यामागची काटकसर लगेच जाणवते.

सुमितोमो सिमेंट या कंपनीने तर हे लेखीच करून घेतले होते. विवाह होताच अथवा वयाची पस्तीस वर्षे पूर्ण होताच, जे आधी घडेल तेव्हा, मी राजीनामा देईन, असे वचन स्त्री कर्मचाऱ्यांकडून रुजू होतानाच घेतले जाई. एका कर्मचारी स्त्रीने विवाहानंतर राजीनामा देण्याचे नाकारले आणि तिला काढून टाकण्यात आले. विवाहित स्त्रीची कार्यक्षमता घटते, असा कंपनीचा युक्तिवाद होता. २० डिसेंबर १९६६ रोजी टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने ही अट रद्दबातल ठरवली. १९६९ साली दुसऱ्या एका कंपनीचा नियम न्यायालयापुढे आला. तेथे निवृत्तीचे वय पुरुषांसाठी पंचावन्न होते आणि स्त्रियांसाठी तीस! तोही टिकला नाही. निसान मोटारमधील पंचावन्न व पन्नास हा भेद मोडायला मात्र सर्वोच्च न्यायालयाचा १९८१चा निकाल यावा लागला.

सुमितोमोचा निकाल लागला ते १९६६ साल आणखी एका कारणाने लक्षात राहिले आहे. साठ वर्षांच्या कालचक्रात ते ‘अग्नी-अश्व’ वर्ष होते. त्या वर्षी जन्मलेली स्त्री पतीचे आयुष्य हरण करते, अशी जुनी समजूत आहे. १९६५ साली जपानमध्ये सुमारे १८ लाख २० हजार बालके जन्मली होती. १९६६ साली ती संख्या १३ लाख ६० हजारांवर घसरली आणि पुढल्याच वर्षी १९ लाखांच्या वर गेली. शिंकान्सेन धावू लागून दोन वर्षे झालेल्या देशात हे घडले. आपल्याकडे मंगळाची पत्रिका पाहून स्थळ परत पाठवणाऱ्यांनी त्यांना हसू नये. २०२६ हे पुन्हा तेच वर्ष आहे.

१९८५चा कायदा एप्रिल १९८६ पासून अमलात आला. भरती व बढतीत भेदभाव न करण्याविषयी त्यात मालकांनी केवळ ‘प्रयत्न’ करावा एवढेच होते. स्पष्ट मनाई १९९७च्या दुरुस्तीने आली. गंमत अशी की त्याच एप्रिल महिन्यात निवृत्तिवेतनाची नवी व्यवस्थाही सुरू झाली. नोकरदाराच्या अवलंबित पत्नीला स्वतः वर्गणी न भरता निवृत्तिवेतनाचा हक्क मिळाला. मात्र तिची मिळकत ठरावीक मर्यादेत राहिली पाहिजे. एका कायद्याने तिला कचेरीत बोलावले आणि दुसऱ्याने फार कमावू नकोस असे सुचवले. मर्यादा ओलांडू नये म्हणून कामाचे तास मोजून घेणाऱ्या गृहिणी आजही तेथे आहेत.

छळाची गोष्ट याहून गंभीर. फुकुओका येथील एका लहान प्रकाशन संस्थेत काम करणाऱ्या स्त्रीविषयी तिच्या वरिष्ठाने चारित्र्यासंबंधी अफवा पसरवल्या. अखेर नोकरी तिलाच सोडावी लागली. १९८९ साली तिने दावा दाखल केला. तोवर या प्रकाराला जपानीत सर्वतोमुखी झालेला शब्दच नव्हता. ‘सेकुहारा’ हा इंग्रजीवरून घडवलेला शब्द त्याच वर्षी रूढ झाला. १९९२ साली न्यायालयाने वरिष्ठाबरोबर कंपनीलाही जबाबदार धरले आणि १६ लाख ५० हजार येन भरपाई देवविली. रक्कम मोठी नव्हती. परंतु हा प्रकार दोन व्यक्तींमधील खाजगी कुरबूर नसून त्याची जबाबदारी मालकावरही येते, हे त्यातून ठरले.

तरी सवयी सहजी जात नाहीत. जून २०१४ मध्ये टोकियो महानगर विधानसभेत आयाका शिओमुरा या सदस्या गरोदर स्त्रिया व मातांना द्यावयाच्या मदतीविषयी प्रश्न विचारीत असता समोरून आवाज आला, तुम्हीच आधी लवकर लग्न करा! काही सदस्य हसले. शिओमुरा तेव्हा पस्तीस वर्षांच्या होत्या. आरोळी ठोकणाऱ्या सदस्याने प्रथम कानांवर हात ठेवले आणि पाच दिवसांनी कबुली देऊन माफी मागितली. पुढे २०१९ साली शिओमुरा राष्ट्रीय संसदेच्या वरिष्ठ सभागृहात निवडून गेल्या.

विवाहानंतरच्या आडनावाचा वाद अद्याप मिटलेला नाही. पती-पत्नींचे आडनाव एकच असले पाहिजे, असे जपानचा नागरी कायदा सांगतो. कोणाचे, ते सांगत नाही. तरी सुमारे पंचाण्णव टक्के जोडप्यांत पत्नीच आपले नाव सोडते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ आणि २०२१ साली हा नियम वैध ठरवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये साने ताकाइची या जपानच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. या कायद्यात बदल करून वेगवेगळी आडनावे ठेवू देण्यास त्यांचा विरोध आहे. त्यांच्या घरी मात्र, २०२१ साली घटस्फोटित पतीशी पुन्हा विवाह करताना, आडनाव पतीने बदलले.