इंजिन दुरुस्त करणारे हात

गोंदियाच्या स्टेशनवर ज्यांनी छोट्या लाईनची गाडी पाहिली आहे, त्यांना तिचे कोळशाचे इंजिन आठवत असेल. ते बनले कोठे आणि नादुरुस्त झाले तर नेत कोठे, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आजोबा नाहीतर काका रेल्वेत होते, म्हणून विद्यार्थ्यांनी तरी हे विचारावे असे मला वाटते.

1880 ते 1882 या काळात नागपूर ते राजनांदगाव अशी मीटरगेज लाईन झाली. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने ती घेतली, ब्रॉडगेज केली आणि 1891 पर्यंत आसनसोलला नेऊन जोडली. पुढे 1903 ते 1905 दरम्यान गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरला आणि 1908 मध्ये नागभीडला अडीच फूट रुंदीची नॅरोगेज लाईन गेली. एका गेजचे इंजिन दुसऱ्या रुळावर चालत नाही. त्यामुळे कंपनीचा मुख्य कारखाना दूर बंगालमध्ये खरगपूरला असला, तरी छोट्या लाईनची मोठी दुरुस्ती नागपूरच्या मोतीबाग कारखान्यात होई. हा कारखाना 1879 चा. गोंदियाचे नॅरोगेज इंजिन नागभीडच्या वळणाने स्वतःच्याच रुळावरून तेथे पोहोचू शके.

शेड आणि कारखाना यांत पुष्कळ लोक गल्लत करतात. शेडमध्ये कोळसा-पाणी भरणे, राख काढणे, बॉयलर धुणे अशी नेहमीची कामे होतात. कारखान्यात इंजिन ठराविक मुदतीने सर्वस्वी खोलले जाते. ते क्रेनने चाकांवरून उचलायचे, बॉयलरच्या नळ्या काढून त्यांवर साचलेला क्षार पाहायचा, निकामी नळ्या बदलायच्या आणि पाण्याचा दाब देऊन बॉयलर तपासायचा. झिजलेली चाके लेथवर पुन्हा गोल करायची. लोहारकाम, ओतकाम, जोडकाम यांचे निरनिराळे विभाग असतात. मी बँकेतला कारकून, यंत्रातले फारसे कळत नाही. पण इतके ध्यानात येते की, ज्याला इंजिन खोलून पुन्हा उभे करता येते, तो नवे इंजिन बनविण्यापासून फार दूर नसतो.

मग आपल्या देशात इंजिने का बनली नाहीत? बनली. अजमेरच्या कारखान्यात 1895 मध्ये मीटरगेजचे आणि बिहारात जमालपूरला 1899 मध्ये ब्रॉडगेजचे इंजिन तयार झाले. म्हणजे हिंदी कारागिराला जमत नव्हते, असे मुळीच नाही. पण रेल्वे कंपन्यांचे भांडवल आणि खरेदीचे निर्णय लंडनला होते. 1865 ते 1941 या काळात भारतात सुमारे 700 इंजिने बनली, तर ब्रिटनहून सुमारे 12 हजार आली. आपल्या बंगाल-नागपूर लाईनची छोटी इंजिनेदेखील ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीकडून येत. 1921 मध्ये सिंहभूममध्ये पेनिन्सुलर लोकोमोटिव्ह कंपनी निघाली खरी, पण सरकारी ऑर्डरींअभावी ती चालली नाही. तिचाच कारखाना 1945 मध्ये टाटांकडे आला आणि तेथे टेल्कोने पुढे मीटरगेज इंजिने बनविली.

कारखान्याच्या आतली गोष्ट याहून वेगळी नव्हती. 12 व 13 फेब्रुवारी 1938 रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्षपदावरून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिले की, अस्पृश्य कामगार आयुष्यभर गँगमनच राहतो आणि रेल्वेच्या कारखान्यांत तो मेकॅनिक, मिस्त्री, चार्जमन वा फोरमन म्हणून जवळजवळ आढळत नाही. तेथे तो कुलीच असतो. स्टेशनवर तो पोर्टरही होत नसे, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करावे लागे आणि तेथे विटाळ आडवा येई. हे भाषण ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही या दोन शत्रूंच्या उल्लेखामुळे प्रसिद्ध आहे. माझ्या मते त्यातील कारखान्याचा तपशीलही तितकाच मोलाचा आहे. परदेशी कंपनीने देशाला दुरुस्तीपुरते ठेवले आणि कारखान्यातल्या जातीने आपल्या माणसाला ओझ्यापुरते ठेवले. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना 1943 मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी शेकडा 8.33 जागा राखण्याचा आदेश निघाला. त्याचे मोल यावरून कळते.

स्वातंत्र्यानंतर चित्तरंजन येथे सरकारी कारखाना उभा राहिला. त्याचे ‘देशबंधु’ हे पहिले इंजिन 1 नोव्हेंबर 1950 रोजी राष्ट्राला अर्पण झाले आणि 1972 पर्यंत तेथे 2,351 वाफेची इंजिने बनली. नंतर आपल्या छोट्या लाईनवर आलेली नॅरोगेज डिझेल इंजिनेही चित्तरंजनचीच.

आता ती लाईन उरली नाही. गोंदिया-नागभीड रूळ 1990 च्या दशकात बदलले, नागपूर-नागभीड गाडी नोव्हेंबर 2019 मध्ये बंद झाली आणि जबलपूरपर्यंतचे ब्रॉडगेज 2021 पर्यंत पुरे झाले. मोतीबागेत 2002 पासून नॅरोगेज संग्रहालय आहे. मुलांना एकदा जरूर न्यावे.

मोतीबाग कारखाना मात्र चालू आहे. दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा नागपूर विभाग आणि हा कारखाना शिकाऊ उमेदवार घेतात. फिटर, वेल्डर, टर्नर, इलेक्ट्रिशियन असे ट्रेड असतात. दहावीचे गुण आणि आय.टी.आय.चे प्रमाणपत्र लागते. ही उमेदवारी म्हणजे कायम नोकरी नव्हे. परंतु ती पूर्ण करणाऱ्यांसाठी रेल्वेच्या लेव्हल-1 भरतीत 20 टक्के जागा राखलेल्या असतात.