ज्युनिपरचा वामनवृक्ष आणि तारेचे वेढे

जालना शहरांतील मस्तगडची गढी निजामउल्मुल्क असफजाहाच्या आज्ञेवरून काबिलखानानें १७२५ सालीं बांधली. मराठवाड्यांतील अशा कोणत्याही जुन्या भिंतीकडे निरखून पाहिलें, तर दगडांच्या सांध्यांत उगवलेलें एखादें पिंपळाचें रोप हटकून दृष्टीस पडतें. पांखरानें टाकलेलें बीं, चिमूटभर माती आणि पावसाळ्याचे चार महिने, एवढ्या भांडवलावर तें जगतें. वय वाढत जातें, बुंध्यास गांठी येतात, साल खरबरीत होते. पण उंची कांहीं हातभराच्या वर सहसा जात नाहीं. निसर्गाची ही करामत माणसानें तबकांत उतरविली. चीन देशांत ही कला उदयास आली, तेथून जपानांत गेली आणि जपानी नांवानेंच जगभर पसरली. ‘बोन’ म्हणजे उथळ तबक व ‘साय’ म्हणजे लावणी. मराठींत तिला वामनवृक्षाची कला असें समर्पक नांव मिळालें आहे. २०१८ सालीं पुण्यास बोन्सायचें आंतरराष्ट्रीय अधिवेशन भरलें होतें, यावरून महाराष्ट्रांतील तिच्या चाहत्यांची कल्पना येईल.

वड, पिंपळ, उंबर हीं या कलेंत आपल्या घरचीं मुलें. ज्युनिपर हा थंड मुलखांतून आलेला पाहुणा. देवदार व सरू यांच्या सूचिपर्णी वर्गांतलें हें झाड. हिमालयांत याचे कांहीं प्रकार आढळतात, आणि आयुर्वेदांतील हपुषा हें याच्याच एका जातीचें फळ होय. तबकांत लावण्यासाठीं मात्र चिनी व जपानी जाती निवडतात. त्यांचा बुंधा पीळदार, पालवी दाट आणि फांद्या लवचिक असतात. तारेनें वांकविण्यास इतकें आज्ञाधारक झाड विरळा. म्हणूनच नवशिक्याचें मन त्यावर जडतें.

परंतु या झाडाचें एक लक्षण नवशिक्यास ठाऊक नसतें, आणि त्या अज्ञानापायीं कितीतरी झाडें प्राणास मुकतात. मेलेला ज्युनिपर पुष्कळ दिवस हिरवाच दिसतो. पिंपळास पाणी कमी पडलें तर दोन दिवसांत पानें माना टाकतात व मालक जागा होतो. ज्युनिपरचीं पानें बारीक खवल्यांसारखीं, मेणचट आवरणाचीं. त्यांतील ओलावा फार सावकाश उडतो. मुळें कुजून किंवा वाळून गेलीं, तरी पालवी कित्येक आठवडे रंग सोडीत नाहीं. मालक समाधानानें पाणी घालीत राहतो, आणि एके दिवशीं झाड एकदम तपकिरी दिसूं लागतें. त्या दिवशीं झालेली चूक शोधून उपयोग नसतो. ती महिना-दीड महिन्यापूर्वींच होऊन गेलेली असते. तेव्हां नुसत्या हिरव्या रंगावर विश्वास ठेवूं नये. शेंड्यांवर उजळ, पोपटी, कोंवळी वाढ दिसते कीं नाहीं, हें पाहावें. तीच जिवंतपणाची साक्ष. रंग राखाडी व निस्तेज होणें ही पहिली सूचना.

मस्तगडच्या एखाद्या घराच्या गच्चीवर हें झाड ठेवावयाचें, तर पहिली गांठ वैशाखाशीं आहे. जालन्यास त्या दिवसांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि उथळ तबकांतील मूठभर माती तव्यासारखी तापते. म्हणून कांहींजण झाड दिवाणखान्यांत नेऊन ठेवतात. ही त्याहून मोठी चूक. ज्युनिपरला बारा महिने मोकळी हवा व ऊन लागतें. सकाळचें कोंवळें ऊन मिळेल आणि दहानंतर जाळीची सांवली पडेल अशी पूर्वेकडील जागा त्यास मानवते. कुंडी फरशीवर न ठेवतां लांकडी बांकावर ठेवावी. या भागांतील काळी माती कपाशीस उत्तम, पण तबकांत घातक. ओली असतां चिखल होऊन मुळांचा श्वास कोंडते आणि वाळली कीं भेगाळते. विटांचे चाळलेले बारीक तुकडे, जाड वाळू व थोडें कुजलेलें खत यांचें मिश्रण घ्यावें. वरची माती सुकूं लागली म्हणजे, आणि तेव्हांच, भरपूर पाणी घालावें. २०१२ च्या दुष्काळांत टँकरची वाट पाहिलेल्या गांवाला पाण्याची किंमत शिकवावयास नको. सुदैवानें या झाडाची गरज तांब्याभर पाण्याची आहे, पण त्यांत एका दिवसाचीही हयगय चालत नाहीं.

आकार देण्याचें काम मार्गशीर्ष-पौषांत काढावें. कात्री उचलण्यापूर्वीं झाड निदान घटकाभर नुसतें न्याहाळावें. बुंध्याजवळची माती बोटानें थोडी सारून मुळें कोठें पसरतात तें पाहावें. जेथून मुळांचा विस्तार व बुंध्याचें वळण चांगलें दिसेल, ती झाडाची दर्शनी बाजू. मग वाळलेल्या काड्या, बेचक्यांतील गर्दी, सरळ खालीं वाढलेले फुटवे काढावे. एकाच जागेहून दोन फांद्या निघाल्या असतील तर एक ठेवावी. मात्र हिरव्या पालवीचा तिसरा हिस्सा काढला कीं हात आवरावा. वडाची फांदी बोडकी केली तरी नवी पालवी फुटते. ज्युनिपरच्या हिरवळ नसलेल्या फांदीस सहसा पुन्हां फूट येत नाहीं, ती मरते. शेंडे नखानें खुडणें किंवा कुंपणासारखे सरसकट छाटणें हेंही वर्ज्य, कारण कापलेल्या पानांच्या कडा तपकिरी पडतात. एकेक फुटवा देंठाशीं टोंकदार कात्रीनें कापावा.

आतां तार. जालना हें लोखंडी सळयांच्या कारखान्यांचें गांव. सळया बांधण्याची तार कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळते आणि नवशिक्या तीच उचलतो. ती गंजते, आणि हातालाही कठीण असते. ॲल्युमिनियमची तार शिकणाऱ्यास सर्वांत सोयीची. तांब्याची तार विस्तवांत लाल करून निवविली म्हणजे मऊ होते, पण एकदां वांकविली कीं पुन्हां ताठ होते, म्हणून ती सरावलेल्या हातांची. तारेची जाडी फांदीच्या जाडीच्या सुमारें एक-तृतीयांश असावी, म्हणजे ९ मिलिमीटर फांदीस ३ मिलिमीटर; लांबी फांदीहून तिसऱ्या हिश्श्यानें अधिक घ्यावी.

जवळपास सारख्या जाडीच्या दोन फांद्या एकाच तारेनें बांधाव्या आणि मधल्या बुंध्यास निदान एक पूर्ण वेढा द्यावा. तारेस असा आधार नसेल तर एक फांदी वांकवितांना दुसरी हलते. वेढे पंचेचाळीस अंशांच्या तिरप्या चालीनें, सालीस टेकलेले पण आवळलेले नव्हेत, असे जावेत. तारेखालीं पालवी चेंगरूं नये, एका तारेवरून दुसरी जाऊं नये. जाड फांद्यांपासून आरंभ करून बारीक काड्यांकडे यावें. फांदी ज्या दिशेस पिळावयाची त्याच दिशेनें वेढे घातले म्हणजे तार सैल पडत नाहीं. वांकविण्याच्या जागीं तार बाह्य वळणावर आली पाहिजे, कारण लांकूड तेथेंच फाटतें. दोन्ही अंगठे आंतून टेकवून फांदी हळूहळू वळवावी. करकर आवाज आला कीं तेथेंच थांबावें. लहान भेग ओल्या सुतळीनें बांधून ठेवल्यास बहुधा भरून येते.

हा सारा प्रकार निर्दयपणाचा नाहीं काय, असें पुष्कळदां विचारलें जातें. जाईचा वेल मांडवावर चढवितांना माळी तेंच करतो, आणि त्यास कोणी निर्दय म्हणत नाहीं. खरा निर्दयपणा तार घालून विसरण्यांत आहे.

तार घातल्यावर झाड कांहीं आठवडे निमसांवलींत ठेवावें. छाटणी, तार आणि कुंडी बदलणें हीं तिन्ही कामें एकाच दिवशीं उरकण्याचा मोह नवशिक्यास फार होतो. बाजारांतून आणलेलें झाड संध्याकाळपर्यंत चित्रासारखें दिसावें अशी त्याची घाई असते. छाटलेलें झाड सावरूं शकतें, मुळें हलविलेलेंही सावरूं शकतें. दोन्ही घाव एकदम सोसणें त्यास जड जातें. पावसाळ्यांत वाढ जोमानें होते व तार सालींत रुतूं लागते, तेव्हां दर पंधरवड्यास ती तपासावी. रुतण्याची खूण दिसतांच, फांदी स्थिरावलेली नसली तरी, तार काढावी. ती उलगडूं नये, प्रत्येक वेढा लहान पक्कडीनें तोडून तुकड्यातुकड्यानें काढावी. चार पैशांची तार वांचविण्याच्या नादांत वर्षभर जपलेली फांदी मोडते. फांदी मूळ जागीं परतूं लागली, तर थोड्या विसाव्यानंतर जुन्या खुणा चुकवून नव्या वाटेनें पुन्हां वेढे द्यावे. उथळ तबक तोंवर थांबूं शकतें. पुढल्या मार्गशीर्षांत शेंड्यांवर पोपटी वाढ दिसली, तरच झाड त्यांत हलवावें.