स्टॉलसाठी छापील टेबल कव्हर घेताय? आधी टेबलाची उंची मोजा

प्रदर्शनात स्टॉल मिळाला की बचत गट असो वा घरगुती मसाल्यांचा ब्रँड, नाव छापलेलं टेबल कव्हर मागवलं जातं. ऑर्डर देताना मात्र 'सहा फुटी टेबल' एवढंच सांगितलं जातं. मग कापड समोरून अर्ध्यावरच थांबतं आणि खालचे खोके गिऱ्हाईकाला दिसत राहतात.

खरं तर हिशेब सोपा आहे. टेबल ६ फूट लांब, २.५ फूट रुंद आणि २.५ फूट उंच असेल, तर चारही बाजू झाकायला ११ बाय ७.५ फूट कापड लागतं. मागची बाजू उघडी ठेवली तर ११ बाय ५ फूट पुरतं. विक्रेत्याला हेच सोयीचं, कारण खालचा माल पटकन काढता येतो. कड जमिनीपासून इंचभर वर ठेवा, नाहीतर पाय अडकतो.

ताणून बसणारं स्ट्रेच कव्हर फोटोत झकास दिसतं, पण ते ठरावीक मापाच्या टेबलालाच नीट बसतं. दर वेळी मंडपवाल्याचं वेगळं टेबल मिळत असेल, तर सैल कव्हरच घ्या. टेबल लहान निघालं तर दोन्ही टोकं सारखी दुमडता येतात. फ्लेक्स स्वस्त पडतो, पण घड्या मोडत नाहीत. धुता येणारं पॉलिस्टर जास्त टिकतं.

आणि नाव? ते टेबलाच्या वर नको, तिथे बरण्या येतात. समोरच्या पडद्यावर, वरच्या अर्ध्या भागात छापा.