कोरड्या चेहऱ्यासाठी घरचा लेप

दिवाळी सरली आणि हवेतला ओलावा कमी झाला की चेहरा धुतल्यावर गाल ओढल्यासारखे वाटू लागतात. नाकाच्या कडेला पांढुरकी सालं निघतात, क्रीम लावलं तर चुरचुरतं. अशा वेळी स्वयंपाकघरातलं काहीतरी कालवून चेहऱ्याला लावावंसं वाटणं साहजिक आहे. त्याचा उपयोगही होतो, पण लेप नेमकं काय करतो हे आधी समजून घेतलेलं बरं.

आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो. या पेशींच्या फटींमध्ये स्निग्ध पदार्थ भरलेले असतात आणि ते आतलं पाणी उडून जाऊ देत नाहीत. कडकडीत पाणी, साबण आणि कोरडी हवा यांनी हे स्निग्ध पदार्थ कमी झाले की त्वचा कोरडी पडते. लेप त्वचेला ‘पोषण’ देतो असं पाकिटांवर छापलेलं असतं, ते सोडून द्या. लेप दोन कामं करतो: वरचा थर भिजवतो आणि त्यावर स्निग्धतेचा पातळ पडदा चढवतो. त्याचा परिणाम फार दिवस टिकत नाही.

आधी आपली त्वचा खरंच कोरडी आहे का ते बघा. चेहरा धुऊन टिपा आणि अर्धा तास काहीही लावू नका. सगळीकडे ताण जाणवला तर त्वचा कोरडी. कपाळ आणि नाक तेलकट, गाल मात्र ओढलेले, असं असेल तर लेप फक्त गालांना लावा.

आता जिन्नस. एक चमचा ओट्सचं बारीक पीठ, एक चमचा दुधावरची ताजी साय आणि अर्धा चमचा मध एवढं पुरे. ओट्स मिक्सरमधून अगदी मैद्यासारखे काढा, कण राहिले तर ते चेहऱ्यावर घासतात. भिजल्यावर ओट्स बुळबुळीत होतात, हा बुळबुळीतपणा त्वचेला शांत करतो. सायीतून स्निग्धता मिळते. मध पाणी ओढून धरतो. मिश्रण घट्ट झालं तर थोडं दूध घाला. साय नसेल तर साईचं दही चालेल, पण ते आंबट नको.

काय घालायचं नाही, हे जास्त महत्त्वाचं. मुलतानी माती तेल शोषून घेते, ती तेलकट त्वचेसाठी ठीक. लिंबू तर नकोच. सामू म्हणजे आंबटपणा मोजण्याचं माप, त्यात आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट. त्वचेचा सामू 5 च्या आसपास असतो आणि लिंबाच्या रसाचा 2 च्या जवळपास. शिवाय लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर ती भाजल्यासारखी होऊन काळे डाग राहू शकतात. खाण्याचा सोडा उलट्या टोकाचा, तोही नको. साखर घासून सालं काढण्याचा मोह आवरा. ती सालं म्हणजे मळ नव्हे.

बेसनाचं काय, असं आपण विचाराल. नुसतं बेसन पाण्यात कालवून लावलं तर ते चेहऱ्यावरचं उरलंसुरलं तेल पुसून नेतं. अभ्यंगस्नानात आधी अंगाला तेल जिरवतात आणि मगच उटणं लावतात, त्यामुळे उटण्यासोबत मुख्यतः वरचं जास्तीचं तेल निघून जातं. आपण तेलाची पायरी गाळतो आणि वर बेसनाला नावं ठेवतो.

चेहऱ्याला लावण्याआधी चाचणी घ्या. कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लेप लावा, दहा मिनिटांनी धुवा आणि एक दिवस थांबा. लाली, पुरळ किंवा खाज आली तर तो लेप आपला नाही. दूध, मध किंवा ओट्स खाल्ल्यावर त्रास होत असेल तर ते चेहऱ्यालाही लावू नका.

चेहरा कोमट पाण्याने धुवा. अंगाचा साबण नको, त्याचा सामू बहुधा 9 ते 10 असतो. चेहरा पूर्ण कोरडा न करता ओलसरच ठेवा आणि त्यावर लेपाचा जाडसर थर द्या. डोळ्यांभोवतीचा भाग आणि चिरा पडलेली जागा सोडा.

सगळ्यात जास्त गडबड होते ती पुढच्या पायरीत. लेप वाळून तडकेपर्यंत पंख्याखाली बसायचं, तोंड हलवायचं नाही, आणि चेहरा ‘घट्ट’ झाला की समाधान मानायचं! कोरड्या त्वचेला हे नेमकं उलटं पडतं. वाळलेला लेप खरवडून काढताना आधीच नाजूक झालेली त्वचा आणखी सोलवटते. म्हणून दहा-बारा मिनिटांनी, लेप ओला असतानाच काढा. मधेच वाळू लागला तर ओल्या बोटांनी थापटा.

काढताना चोळू नका. कोमट पाण्याचे हबके मारा, मऊ कापडाने टिपा. आता चेहरा दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. ही पायरी चुकली तर आत शिरलेलं पाणी उडून जातं आणि सगळी मेहनत वाया जाते. खोबरेल तेल काहींना मानवतं, पण ज्यांना मुरमं येतात त्यांनी ते चेहऱ्यावर टाळावं.

आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा एवढं पुरे. उरलेला लेप वाटीत झाकून ठेवू नका. दुधाचा पदार्थ आहे, त्यात जंतू वाढतात. दरवेळी ताजा कालवा. रोजचं खरं काम मॉइश्चरायझरचंच, लेप त्याच्या जोडीला.

चेहऱ्याला भेगा पडून रक्त येत असेल, लाल चट्टे उठत असतील, किंवा रात्री खाजेने झोप मोडत असेल तर तो नुसता कोरडेपणा नसेल. अशा वेळी घरचे प्रयोग थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तोवर चेहऱ्याला साधं व्हॅसलीन लावलं तरी पुरे.